आधी भिंत, मग मदरबोर्ड

घरातल्या प्रत्येक यंत्राची बंद पडण्याची स्वतःची एक रीत असते. मिक्सर जळका वास सोडतो, पंखा आठ-पंधरा दिवस कुरकुर करून मग थांबतो, फ्रिज पाणी गाळून आधी सूचना देतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला मात्र ही सभ्यता नाही. रात्री नीट बंद केलेला असतो. सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून बटण दाबावं, तर काहीच नाही. दिवा नाही, घरघर नाही, पडद्यावर अक्षर नाही. माणूस पुन्हा दाबतो. मग जोरात दाबतो. आणि शेवटी घरातल्यांकडे वळून विचारतो, "याला कोणी हात लावला होता का?"

तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात असले डबे उरलेत कुठे? आमच्या जोगेश्वरीत येऊन बघा. पूर्वेला माजासवाडी, मेघवाडी, श्यामनगर, पश्चिमेला एस. व्ही. रोडपासून बेहरामबागेपर्यंत. झेरॉक्सच्या दुकानात, डॉक्टरांच्या दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात, लग्नपत्रिका जुळवणाऱ्याच्या पोटमाळ्यावर हे डबे ठाण मांडून आहेत. लॅपटॉपच्या मानाने स्वस्त पडतात, उघडून दुरुस्त करता येतात, एकेक भाग बदलत दहा-बारा वर्षं रेटता येतात. मध्यमवर्गाच्या संसाराला शोभेल असंच हे यंत्र आहे.

मी इंजिनिअर नाही. कादंबऱ्या लिहितो, आणि त्याआधी, म्हणजे त्याच्या जोडीनेच, १९८३ ते २०२० अशी सदतीस वर्षं बँकेत काढली. तरी कोणाचा कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला, की आमच्या इमारतीतली मंडळी माझी बेल वाजवतात. याचं कारण माझं यंत्रज्ञान नव्हे, तर बँकेतलं जुनं शिक्षण. ते शिक्षण म्हणजे फरक शोधण्याचं.

हाताने लेजर लिहिण्याचे ते दिवस. बचत खात्यांची बेरीज आणि जनरल लेजरमधला आकडा जुळला नाही, की संध्याकाळी सहानंतर शाखेत स्मशानशांतता पसरायची. नवखा कारकून पहिल्या पानापासून सगळ्या बेरजा पुन्हा मारायला बसे. मुरलेला हेड क्लार्क मात्र आधी फक्त फरकाच्या आकड्याकडे बघायचा. फरकाला नऊने भाग जातो? मग कोणीतरी ५४च्या जागी ४५ लिहिले असणार. आकडे उलटे पडले की फरक नऊच्या पटीतच येतो. फरक सम आहे? मग त्याच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का ते बघ. निम्मी शक्यता एका झटक्यात बाद, उरलेल्याची पुन्हा निम्मी बाद, असं करत करत तो साडेसातच्या लोकलला असायचा. आणि एक गोष्ट कोणीच कधी केली नाही. फरक सापडत नाही म्हणून लेजर रद्दीत घालून नवं आणलं नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

बँकांत यंत्रं आली, त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९८३ साली संघटनांशी करार झाला, १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखाशाखांतून लेजर पोस्टिंग मशिन्स दिसू लागली. त्यांच्यासाठी काचेची वातानुकूलित खोली असे आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, देवळात जाताना काढतो तशा. यंत्र बंद पडलं, की अख्खी शाखा अपराधी चेहऱ्याने उभी राही. मग कंपनीचा इंजिनिअर लोकलने घाम पुसत येई. तो आल्या आल्या यंत्राला हातही लावत नसे. टेबलामागे वाकून पिन बघे. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "साहेब, आधी भिंत, मग वायर, मग डबा. उलटं गेलो तर रात्र होते." चार दशकांत यंत्रं पार बदलली, पण हा क्रम बदललेला नाही.

हा क्रम का, ते समजायला डब्याच्या आत थोडं डोकवावं लागेल. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटणारी. आतल्या चिपांना हवी असते ती सरळ एका दिशेने वाहणारी आणि अगदी थोडी, म्हणजे १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हा बदल करतो तो मागच्या बाजूचा पंखा असलेला पत्र्याचा डबा. त्याला एसएमपीएस म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर हा हेड कॅशियर. मोठ्या नोटा घेतो आणि प्रत्येक खिडकीला लागेल तशी मोड पुरवतो.

पूर्वीच्या कॉम्प्युटरला खटका असे. खटका खाली केला, की थेट वीजच आत शिरायची. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली आणि खटक्याचं बटण झालं. हा फरक लहान वाटतो, पण सगळी मेख त्यातच आहे. हे बटण वीज सुरू करत नाही, ते केवळ विनंतीअर्ज करतं. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसचा एक छोटा भाग अखंड जागा असतो आणि मदरबोर्डला पाच व्होल्टची चिमूटभर वीज देत राहतो. हा त्या घरातला रात्रपाळीचा वॉचमन. तुम्ही बटण दाबता तेव्हा दोन बारीक तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. त्याची वर्दी मदरबोर्डला मिळते. मदरबोर्ड हिरव्या तारेवरून एसएमपीएसला उठवतो. एसएमपीएस सगळे व्होल्टेज तपासून करड्या तारेवरून "सर्व ठीक" असा उलट निरोप धाडतो, आणि मग कुठे प्रोसेसर डोळे उघडतो.

म्हणजे भिंत, वायर, एसएमपीएस, वॉचमन, बटण, मदरबोर्ड अशी ही साखळी. यातली कुठलीही कडी तुटली, तरी बाहेर दिसणारं लक्षण एकच, शांतता! तेव्हा नुसती शांतता ऐकून "मदरबोर्ड गेला" असं सांगणारा माणूस एक तर अंतर्ज्ञानी असला पाहिजे किंवा त्याच्याकडे विकायला मदरबोर्ड असला पाहिजे.

आता एका जुलैतली हकिगत सांगतो. आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली एक कुटुंब राहतं. यजमानांची कंपनी बंद झाली, तेव्हापासून वहिनी घरी बसून आसपासच्या गाळ्यांतल्या तीन छोट्या कारखानदारांचे हिशेब लिहितात. घर त्यावरच चालतं. महिन्याच्या महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांचं रिटर्न २० तारखेच्या आत जावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये आणि कर थकला असेल तर त्यावर अठरा टक्के व्याज. त्या दिवशी तारीख होती १८, आणि कॉम्प्युटर सुरू होईना.

दुकानातला मुलगा येऊन गेला होता. त्याने बटण दोनदा दाबलं, कान लावला आणि निदान केलं: मदरबोर्ड गेलाय, तो आता मिळत नाही, नवा सेट घ्या, अठ्ठावीस हजार होतील. "आणि आतला हिशेब?" या प्रश्नावर तो म्हणाला, "डेटा मिळेलच असं सांगता येत नाही." वहिनींचा चेहरा या दुसऱ्या वाक्याने उतरला होता. पैसे कर्ज काढून उभे राहिले असते. पण तीन माणसांनी विश्वासाने सोपवलेल्या हिशेबाचं काय?

मी पहिल्यांदा त्यांना एवढंच सांगितलं, की हिशेब हार्ड डिस्कवर असतो, आणि हार्ड डिस्क ही चार स्क्रू काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येणारी वेगळी वस्तू आहे. मदरबोर्ड जळाला म्हणून ती जळत नाही. घराचा दिवा गेला म्हणून कपाटातली पासबुकं कोरी होत नाहीत. वहिनींनी मोठा श्वास सोडला आणि चहा टाकला. मग त्यांच्या बारावीतल्या मुलीला म्हटलं, वही घे. काय केलं आणि काय झालं, दोन रकाने पाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

पहिली ओळ भिंतीची. पिन काढून त्या जागी मोबाइलचा चार्जर लावला. चार्जिंग सुरू झालं. भिंत निर्दोष. दुसरी ओळ मधल्या दलालांची, म्हणजे यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्डाची. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि पुष्कळ यूपीएस बॅटरी मेली की स्वतःच उठत नाहीत. दोष मात्र कॉम्प्युटरवर येतो. दोघांनाही बाजूला सारून थेट भिंतीत पिन घातली. काही नाही. तिसरी ओळ वायरची. मॉनिटरची वायर बहुधा त्याच जातीची असते. ती काढून डब्याला लावली. काही नाही. चौथी, एसएमपीएसच्या मागचा खटका. केर काढताना तो पुष्कळदा बंद होतो. इथे चालूच होता. पाचवी, प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळी शेपटं काढली, पिन काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते, आणि पुन्हा पिन घातली. काही नाही.

"काका, पाच ओळी झाल्या आणि पाचही वेळा काही नाही," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात निराशा होती. मी म्हटलं, "अगं, पाच माणसं निर्दोष सुटली, हे काय थोडं झालं?"

मग पिन काढून डब्याची बाजूची पत्र्याची फळी उघडली, आतली धूळ मऊ ब्रशने झाडली आणि पुन्हा पिन घातली. मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागला. बऱ्याच बोर्डांवर तो असतो. तो वॉचमनचा कंदील. म्हणजे वीज बोर्डापर्यंत पोचत होती. साखळीचा अर्धा भाग एका ठिपक्याने निर्दोष ठरला! आता उरले बटण, बोर्ड आणि एसएमपीएसचा मोठा भाग. यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त मार खाणारं कोण? बटण. मग आधी त्याचीच चौकशी. बोर्डाच्या खालच्या कडेला समोरच्या बटणाच्या दोन तारा येऊन बसतात. तो छोटा जोड उपसला, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि उघड्या पडलेल्या टाचणीएवढ्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

पंखा फिरला. पडदा उजळला. मुलगी ओरडली, आणि स्वयंपाकघरातून वहिनी हातातली गाळणी तशीच घेऊन धावत आल्या.

मदरबोर्ड ठणठणीत होता. मेलं होतं ते बटण. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या आतला पत्रा गंजला होता. मी दाबत होतो ते बटण, पण अर्ज वर पोचतच नव्हता. समोरच्या बाजूला रीसेटचं एक बटण असतं, जे आयुष्यात चार वेळा दाबलं जातं. त्याची तार काढून पॉवरच्या जागी बसवली. बस्स. तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर रीसेटच्या बटणाने सुरू होतो. खर्च शून्य, वेळ चाळीस मिनिटं. रिटर्न १९ तारखेला गेलं.

याचा अर्थ दर वेळी दोष बटणातच निघेल, असा नाही. हिरवा ठिपका लागलाच नाही, तर संशय एसएमपीएसवर. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून दुसरा आणून लावून बघणं हा त्यावरचा सरळ उपाय. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, हा आजारच निराळा. तिथे रॅमची पट्टी काढून, तिची सोनेरी कड पुसून पुन्हा नीट बसवल्याने पुष्कळदा काम होतं. बोर्डावरचे उभे नळकांड्यासारखे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तर मात्र बोर्डाचे दिवस भरत आले असं समजावं. २०००च्या सुमारास जगभर असे सदोष कपॅसिटर लाखो बोर्डांत गेले होते आणि मोठमोठ्या कंपन्यांना त्याचा भुर्दंड पडला होता.

आणि एक लक्ष्मणरेषा. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे सव्वातीनशे व्होल्ट साठवलेले असतात आणि पिन काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. जळका वास आला, ठिणगी दिसली, तर पिन काढायची आणि जाणत्याला बोलवायचं. धाडस आणि अक्कल यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते. ती तशीच राहू द्यावी.

आमच्या उपनगराची हवाही या यंत्रांची परीक्षा पाहणारी. समुद्राचा खारेपणा, चार महिने ओल, मुंग्या आणि उबेला आत शिरणाऱ्या पाली. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. जोगेश्वरीतल्या दुरुस्तीवाल्यांनी पाली चिकटवायच्या ठरवल्या असत्या, तर वह्या पुरल्या नसत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवरचे किती डबे पाण्यात उभे राहिले! अशा वेळी यंत्राला पाणी मारत नाही, ओलं असताना सुरू करण्याची घाई मारते. पूर्ण वाळेपर्यंत पिन न घालणं, एवढाच पहिला उपचार.

विजेचंही तसंच. १९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८पासून अदानी, अशी बिलावरची नावं बदलली. पण वीज गेल्यावर ती परत येतानाच्या झटक्यापासून जपण्याची रीत तीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि घरून काम करणारे हवालदिल झाले. वीज गेली की भिंतीवरचं बटण बंद करावं आणि परत येऊन दोन मिनिटं स्थिरावल्यावर लावावं. जुन्या चाळींत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसतं. मग डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. ते भूत नव्हे; गळतीची जी थोडीशी वीज जमिनीत जायला हवी, ती तुमच्यातून वाट काढते. वायरमनला बोलवायचं ते यासाठी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचं नामकरण केलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. एक ट्यूब गेली तरी काम अडायचं, आणि ती हुडकणं हाच त्या माणसांचा रोजचा धर्म होता. त्यांनी ते यंत्र इथेच, हाताने जुळवलं होतं, म्हणून त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. आपल्याला यंत्र आयतं मिळालं आणि त्याबरोबर भीतीही आयतीच मिळाली. त्या भीतीचेच अठ्ठावीस हजार होतात.

दुरुस्ती करणारे सगळे लबाड असतात, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर आणि आमच्या स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांत असे कारागीर आहेत, की जे भिंग लावून एक कपॅसिटर बदलतात आणि पूर्ण बोर्डाचे पैसे वाचवून देतात. खरं तर त्यांना काम मिळावं म्हणूनच हा लेखनप्रपंच. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीला ग्राहकांसाठी पोर्टलही सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३पासून लागू झाले. पण टाकून दिलेल्या डब्यातलं शिसं मातीत उतरू नये असं वाटत असेल, तर सगळ्यात सोपा नियम म्हणजे चालण्याजोगा डबा टाकूच नये.

बँकेत माझ्यासमोर व्हाउचर आलं, की सही करण्यापूर्वी मी एकच शब्द विचारायचो, "कशावरून?" तो शब्द निवृत्त झाला नाही. कोणी सांगितलं की मदरबोर्ड गेला, तर नम्रपणे विचारा: कशावरून? वीज बोर्डापर्यंत पोचते का, ते पाहिलंत? दुसरा एसएमपीएस लावून बघितलात? बटणाची टोकं जोडून पाहिलीत? जाणकार असेल तो खूश होऊन समजावून सांगेल. नसेल तो घड्याळ बघेल. आणि भाग बदललाच, तर जुना भाग मागून घ्या. वाचकहो, कॉम्प्युटरपुरतंच नव्हे, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, बिल्डरने इमारत धोकादायक ठरवली, नात्यातल्या कोणी कोणाबद्दल काही कानात सांगितलं, तिथेही हा प्रश्न विचारून बघा. पुष्कळ ठिकाणी मदरबोर्ड शाबूत असतो, आणि बिघडलेलं असतं ते एखादं बटण.